हसुरामशेठच्या शिव्या

"बाई, तुमाला शिव्या वाचता येतात?"

हसुरामशेठ म्हात्रे माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. ठाण्याच्या शाळेतून निवृत्त होऊन मी मांडव्याजवळच्या त्या गावात राहायला आले होते. सामानाची खोकी अजून ओट्यावरच पडली होती. फाटकाशी एक आडव्या बांध्याचा, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. चौकड्यांची लुंगी, बनियन, गळ्यात सोन्याची जाड साखळी, आणि हातात एक पातळ पुस्तिका.

मी म्हटलं, "काय वाचता येतात?"

"शिव्या. इंग्रजी हायेत. माझा धाकटा बोटीवर हाय, तो फोन उचलत न्हाय. गावात कललं, नवीन बाई इंग्रजी शिकवायच्या. म्हटलं, इंग्रजी येतं म्हंजे शिव्या येतीलच."

मी पुस्तिका हातात घेतली. खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाची माहिती होती, मूळ जर्मनमधली, आणि ज्याने कोणी ती इंग्रजीत आणली होती त्याचं इंग्रजीशी फारसं बरं नसावं. पानोपानी दोन अक्षरं छापलेली होती: सीव्ही. इंजिनाच्या पोटात साठवलेली एकेक सेटिंग म्हणजे एकेक सीव्ही. प्रत्येकीला नंबर, आणि त्या नंबरात आपण हवा तो आकडा भरायचा. हसुरामशेठच्या तोंडी सीव्हीची शिवी झाली होती. शिक्षिकेच्या सवयीने मी उच्चार सुधारायला गेले. "सी... व्ही," मी म्हटलं.

"तेच ते," ते म्हणाले. "शी... वी."

महिन्याभरात मीही शिवीच म्हणायला लागले. समोरच्या घरातून जयवंतीवहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोनवर कोणा नातेवाइकाशी चाललेला संवाद मला स्वच्छ ऐकू यायचा: "हायेत ना घरात. सकालपासून शिव्या घालतायत. आता शेजारच्या बाई पन येतात घालायला."

हसुरामशेठच्या वडिलांचं मिठागर होतं. मिठागर गेलं, पाठोपाठ एक ट्रक आला, ट्रकामागे ट्रक येत गेले, आणि हसुरामशेठनी ते मोठ्या बंदराच्या कंटेनरवर लावले. मग त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मोठ्या मुलाने धंदा हातात घेतला, आणि बोटीवरच्या धाकट्याने हॅम्बर्गहून रेल्वेचा एक सेट आणून दिला. बाबांनी बसल्या जागी काहीतरी खेळावं, एवढाच त्याचा हेतू. बाबांनी मागच्या पडवीतले सगळे टायर बाहेर काढले, ट्रकच्या हौद्याच्या जुन्या फळ्या आणून पडवीभर टेबल ठोकलं आणि त्यावर अख्खी रायगडची किनारपट्टी वसवली.

"आमच्या बाजूला रेल्वे येनार, येनार, असं बापाच्या मांडीवर बसून ऐकलं," ते सांगायचे. "म्हटलं, वाट कोनाची बघायची? मीच आनतू."

मांडवा, रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर अशी स्टेशनं होती. खाड्या निळ्या ऑइलपेंटच्या. दिवेआगरला झाडूच्या काड्यांची माडाची वाडी होती, आणि त्यातले निम्मे माड त्यांनी मुद्दाम आडवे पाडून ठेवले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वादलात पडले ते पडले. खोटं कशाला दाखवायचं?" पडवीत रबराचा वास कायम होता. त्या वासात, लुंगी वर खोचून, कमरेएवढ्या टेबलाच्या मधल्या खळग्यात उभे राहून ते हातातल्या हँडसेटवरून सहा इंजिनं हाकायचे.

माझं काम वाचायचं. इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक पाटी असते, तिला डीकोडर म्हणतात. वीज रुळांतून सगळ्याच इंजिनांना मिळते, पण हुकूम ज्याच्या नावाचा असेल त्यानेच तो ऐकायचा, हे काम त्या पाटीचं. मी वाचून सांगायची आणि ते त्याचं ट्रकच्या भाषेत भाषांतर करायचे. दुसरी शिवी, जागचं हलताना किती जोर घ्यायचा: "म्हंजे क्लच." तिसरी, वेग किती सावकाश वाढवायचा: "म्हंजे माल किती भरलाय." चौथी, किती सावकाश थांबायचं: "म्हंजे पावसातला रस्ता." पाचवी, जास्तीत जास्त वेग: "ती बायको ठरवते."

एकोणतिसाव्या शिवीपाशी मात्र आमचं घोडं अडलं. तिच्यात एकच आकडा भरायचा, पण तो वेगवेगळ्या हुकमांची बेरीज करून काढायचा. इंजिनाचं पुढचं तोंड कुठलं, वेगाच्या पायऱ्या किती, नाव लहान की लांब, सगळं त्या एका आकड्यात. मी कागदावर बेरीज मांडून दाखवली. हसुरामशेठ बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"ही आमच्या मथुराआत्याची शिवी," ते म्हणाले. "एका शिवीत चौघांचा उद्धार. बाप, आजा, सासरा आनि शेजारी."

त्या बेरजेत एकदा चूक झाली, आणि त्या चुकीवर त्यांचा फार जीव जडला. पायऱ्यांचा आकडा इंजिनात एक आणि हँडसेटमध्ये दुसरा असला, की वेग वाढवताना पुढचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. पुस्तिकेत हा दोष म्हणून दिलेला होता. हसुरामशेठनी तो लाल इंजिनात पाहिला आणि ओरडले, "बाई! ही डोला मारते!"

मी बेरीज दुरुस्त करायला गेले तर त्यांनी हँडसेट पाठीमागे लपवला. "ऱ्हाऊ द्या. एवढ्यात सुधरवायची न्हाय हिला."

संक्रांतीनंतर वहिनींचं हळदीकुंकू होतं. वाण घेऊन झाल्यावर बायका रेल्वे बघायला पडवीत आल्या. लाल इंजिन काशीदच्या वळणावरून निघालं आणि रांगेत उभ्या असलेल्या एकेकीसमोरून डोळा मारत गेलं. वहिनींच्या मावशींनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. "मेल्या, हे कोनी शिकवलं हिला?" त्यांनी विचारलं.

"मी न्हाय शिकवलं," हसुरामशेठ निरागसपणे म्हणाले. "जर्मनीची हाय. तिकडं चालतं."

खोड्या काढायचा त्यांचा स्वभावच होता, आणि त्या खोड्या कधी त्यांच्यावरच उलटायच्या. नवीन इंजिनाला नाव द्यायचं तर बाकीची सगळी रुळांवरून उचलून ठेवायची, असा नियम. नाहीतर जे नाव एकाला द्याल तेच सगळ्यांना लागतं. ते म्हणायचे, "ज्याची हजामत करायची तो एकटाच खुर्चीत पायजे." एका गणपतीत, पडवी माणसांनी भरलेली असताना, ते हे विसरले. नव्या इंजिनाचं बारसं झालं आणि रुळांवरच्या सगळ्याच इंजिनांनी ते नाव घेतलं. शेठनी ऐटीत बटण फिरवलं. मांडव्याची गाडी रेवदंड्याच्या गाडीवर जाऊन आदळली, मुरूडची खाडीत पडली, दोन गाड्या दिवेआगरच्या वाडीत घुसल्या आणि उरलेसुरले माडही आडवे झाले. शेठ दोन्ही हात वर करून म्हणाले, "घाबरू नका. ग्रामसभा चाललीय."

या सगळ्या हसण्याखिदळण्यात एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. टेबलावरची रेल्वे दिवेआगरनंतर सरळ पश्चिमेच्या भिंतीला जाऊन टेकत होती. तिथे ना स्टेशन, ना पाटी. मी विचारलं, "पुढे काय?"

"पुढे दुसरा देश," शेठ म्हणाले. "व्हिसा लागतो." आणि एवढंच बोलून त्यांनी विषय बदलला. ते स्वतःहून विषय बदलतात हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ नामदेव राहत होता, हे मला वहिनींनी सांगितलं. पूर्वी ते एकच घर होतं. नामदेवभाऊंच्या मुलीच्या, मनीषाच्या हळदीला मांडव माणसांनी फुलून गेला होता. नवऱ्या मुलाचे मामा पेणकडचे, मानाचे माणूस, जेवून खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या झोपले. तोंड उघडं. हसुरामशेठनी लाऊडस्पीकरवाल्याच्या हातून माइक घेतला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नवऱ्याचे मामा तोंड उघडून बसलेत. कोनीतरी पेढा टाका रे!" मांडव हसून लोळला. मामा जागे झाले. त्यांच्यामागोमाग नवऱ्याकडची सगळी माणसं उठून गाड्यांकडे चालू लागली. लग्न मोडायचं राहिलं ते नामदेवभाऊंनी भर रस्त्यात मामांचे पाय धरले म्हणून. मनीषा सासरी गेल्यावर त्यांनी गवंडी बोलावला आणि पडवीच्या मधोमध भिंत घातली. तेव्हापासून दोघा भावांत एक शब्द नव्हता. पुढे नामदेवभाऊंची बायको वारली, तरी नाही. वहिनी मागच्या दाराने दिराला जेवण पोचवायच्या, त्याच्या घराची किल्ली त्यांच्याच कमरेला असायची. त्या येण्याजाण्याला दोघांचीही हरकत नव्हती, पण बघितल्याचं कोणी दाखवायचं नाही.

"यांनी माफी नाही मागितली?" मी विचारलं.

"मागायला गेले की तोंडातून जोकच निघतो," वहिनी म्हणाल्या. "म्हनून जातच न्हायत."

त्या पावसाळ्यात नामदेवभाऊ शेवाळावरून अंगणात घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन ते घरी आले. काही दिवस मनीषा येऊन राहिली, पण तिला तिचं घर होतं. भाऊ दिवसभर एकटे खाटेवर पडलेले. खाट बरोबर त्या भिंतीला लागून.

हसुरामशेठ भावाबद्दल काही विचारायचे नाहीत, फक्त प्रत्येक जेवणाला वहिनींना विचारायचे, "त्याचं ताट रिकामं आयलं का?"

"जाऊन बघा ना."

"मी कशाला? भिंत त्याने घातलीय."

ताट अर्धं परत यायला लागलं. मग एकदा रात्रभर न जेवलेला भाऊ सकाळी वहिनींना म्हणाला, आता वृद्धाश्रमात नाव घाला माझं. वहिनी घरी येऊन रडल्या. हसुरामशेठ चहा अर्धा टाकून उठले, पडवीत गेले आणि दिवसभर भिंतीशी उभं राहून पट्टीने काहीतरी मोजत राहिले.

डॉक्टरांना दाखवायला मनीषा भाऊंना अलिबागला घेऊन गेली, त्याच दिवशी सकाळी मला निरोप आला: बाई, ब्रश घेऊन या. जाऊन पाहते तर पडवी धुळीने भरलेली. शेठनी ड्रिल मशीनने भिंतीला टेबलाच्या उंचीवर भोक पाडलं होतं आणि ते छिन्नीने मोठं करत होते. वहिनींनी दिराच्या घराचं कुलूप उघडून दिलं होतं. पलीकडे, खाटेच्या कडेने खिडकीपर्यंत शेठनी फळी ठोकली, तिच्यावर रूळ टाकले आणि टोकाला काडेपेटीएवढं स्टेशन बसवलं. पाटी मी रंगवायची होती.

"नाव काय लिहू?"

"नामदेव रोड."

"रोड का?"

"टेशन तर झालं," ते छिन्नीवरची माती पुसत म्हणाले. "तिथून त्याच्यापर्यंत पोचायला अजून लांब हाय."

खरी अडचण पुढेच होती. बोगद्यात शिरलेलं इंजिन शेठना दिसणार नव्हतं. ते फळीवरून खाली पडता कामा नये, खाटेच्या मधोमध थांबायला हवं, आणि भाऊ झोपलेले असले तर आवाजही नको. म्हणून आम्ही अलीकडच्या बाजूला तेवढ्याच लांबीची फळी टाकून सराव केला. आवाजाची शिवी शून्यावर. पाचवी इतकी खाली की गाडी गोगलगायीसारखी चालावी. आणि चौथी शेठ कितीदा तरी बदलत राहिले, हँडसेट बंद केल्यावर गाडी किती घरंगळते ते बघत. एरवी अशा वेळी त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. त्या दिवशी ते घामाने भिजले होते आणि एक अवाक्षर बोलत नव्हते.

दुपारी भाऊ परत आले. मग पलीकडून गर्जना झाली. "वैनी! त्याला सांग, ही भिंत माझी हाय!"

अलीकडून उत्तर गेलं. "जयवंते, त्याला सांग, भिंत त्याची, पन भोक माझं हाय!"

वहिनी भाऊंच्या खाटेपाशी ताट घेऊन उभ्या होत्या. हाताच्या अंतरावर असलेले दोन भाऊ त्यांच्यामार्फत एकमेकांवर ओरडत होते. "त्याला सांग, मी हे सिमेंटने बुजवनार!" "त्याला सांग, आधी उभा ऱ्हा, मग बुजव!" शेवटी वहिनी म्हणाल्या, "दोघांनाबी ऐकाया येतंय. मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पहिली गाडी निघाली. काळं इंजिन, मागे मालाची एक उघडी वाघीण, आणि वाघिणीत हसुरामशेठनी स्वतः लावलेला विडा, वर लवंग टोचलेली. भाऊंना जेवणानंतर विडा लागायचा, पण बायको गेल्यापासून कोणी लावून देत नव्हतं. गाडी बोगद्यात शिरली. शेठनी मनात काहीतरी मोजलं आणि हात उचलला. पलीकडे काहीच नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी गाडी उलटी घेतली. विडा जसाच्या तसा परत आला. शेठनी तो उचलून स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावत बसले.

पुढच्या दिवशीही विडा परत आला. पण शेठनी तो उजेडात धरला आणि टेबलाखालून वाकून बाहेर पडून नाचायलाच लागले. "लवंग घेतली! बाई, बघा, लवंग काढून घेतली त्याने!"

त्याच्या पुढच्या दिवशी गाडीच परत आली नाही. शेठ बटण फिरवत राहिले. वाघीण नाही, इंजिन नाही. भाऊंनी दोन्ही रुळांवरून उचलून उशीखाली ठेवली होती. "माझी गाडी पकडून ठेवली!" शेठ वहिनींवर ओरडले, पण त्या ओरडण्यात राग कमी आणि आनंदच जास्त होता. नंतरचे काही दिवस वहिनी ताट पोचवून आल्या की शेठ त्यांना दारातच गाठायचे. काय करतोय? वहिनी सांगायच्या, इंजिन पोटावर ठेवून बघतात. चष्मा मागितला. आज बारका स्क्रू-ड्रायव्हर मागितला. आज इंजिनाचं टप्पर काढलं. आणि हो, ताट रिकामं आलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. म्हात्र्यांच्या घरात ट्रक चालवायचे हसुरामशेठ, पण ट्रकची नस ओळखायचे नामदेवभाऊ. तरुणपणी धाकटा थोरल्याला एकाच गोष्टीवरून चिडवायचा, की दादाला क्लच सोडता येत नाही. त्यामुळे भाऊंचा निरोप घेऊन वहिनी आल्या तेव्हा त्या आधीच पदराने तोंड दाबून हसत होत्या.

"भाऊजी बोलले, त्याला सांगा, गाडी उचल घेताना झटका मारते. म्हनजे अजून क्लच जमत न्हाय."

हसुरामशेठ लाल झाले. "माझा क्लच काढतो! लंगडा झोपलाय आनि माझा क्लच काढतो!"

संध्याकाळी काठीने ढकललेलं इंजिन बोगद्याच्या तोंडाशी आलं. चाकं अशी लखलखत होती की नवी वाटावीत. शेठनी ते रुळावर ठेवून चालवलं आणि झटका खरंच होता. चाकांवर मळ साचल्यामुळे गाडी हलेना, तेव्हा शेठनीच दुसऱ्या शिवीचा आकडा वाढवून ठेवला होता. आता चाकं स्वच्छ झाली आणि तो वाढवलेला जोर जास्त ठरला. "म्हंजे मल माझ्या चाकात व्हता," शेठ म्हणाले, "आनि मी शिवी वाढवत बसलू." त्यांनी आकडा एकेक करून उतरवला. दर वेळी रुळावर गाल टेकून चाकं बघितली. शेवटी इंजिन जागचं निघालं ते असं, की निघालं कधी तेच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी सोडायची वेळ झाली. वहिनी भाऊंच्या खोलीत, मी शेठच्या पडवीत. विडा वाघिणीत. गाडी बोगद्यात शिरली आणि पलीकडून भाऊ म्हणाले, "वैनी, त्याला सांग, बरी निघाली."

"जयवंते, त्याला विचार, किती आत गेलीय?"

वहिनींचा आवाज आला. "मी चालले मच्छी घ्यायला. होरीवाली आलीय. तुमचं तुमी बघा."

आणि मागचं दार वाजलं. त्या दिवशी एकही कोळीण गावात आलेली नव्हती, हे मला नंतर कळलं.

गाडी पलीकडे चालत होती. शेठचा अंगठा बटणावर थिजला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तिकेत डोकं घातलं. फळी संपत आली असणार. मी मनातल्या मनात इंजिन फरशीवर पडल्याचा आवाज ऐकला. शेठच्या ओठांवर काहीतरी आलं आणि परत गेलं.

"हलू," भिंतीतून आवाज आला.

शेठनी बटण थोडं मागे घेतलं.

"अजून हलू... येऊ दे... येऊ दे... बस. अरे दादा, बस म्हटलं ना!"

शेठनी बटण बंद केलं. हँडसेट टेबलावर ठेवला. भोकाशी वाकले. "किती ऱ्हायलं?"

"वीतभर."

"पडली न्हाय ना?"

"न्हाय," भाऊ म्हणाले. मग पान चावल्याचा आवाज, आणि पाठोपाठ, "चुना जास्त झालाय."

इतक्या वर्षांनी भावाने दादा म्हटलं. त्यावर हसुरामशेठ काहीतरी फटकळ बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. ते लुंगीच्या सोग्याने डोळे पुसत होते आणि मला हाताने खुणावत होते, की बाई, तुम्ही जा आता.

त्यानंतर गाडी रोज जाऊ लागली. विडा जायचा, येताना कधी वर्तमानपत्राची घडी यायची, कधी सुक्या बोंबलाचं एक डोकं, रुमालात गुंडाळलेलं, उघडताच पडवी वासाने भरायची. पलीकडून भाऊंचं हसणं ऐकू यायचं. पण हळदीचा विषय निघायचाच होता, आणि तो भाऊंनी काढला. मी त्या वेळी तिथे होते. भाऊ सहज बोलल्यासारखे म्हणाले, "दादा, त्या दिवशी रस्त्यात मी मामाचे पाय धरले. सगले बघत व्हते."

शेठनी हँडसेट खाली ठेवला.

"तू बी बघत व्हतास."

"व्हय," शेठ म्हणाले. "बघत व्हतू." आणि त्यानंतर कुठलीही कोटी आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, अलिबागहून पेढ्यांचा खोका आणला आणि रिक्षा करून एकटेच पेणकडच्या मामांच्या घरी गेले. परत आले तेव्हा वहिनी, मी आणि बोगद्याला कान लावलेले भाऊ, तिघंही वाट पाहत होतो. मामा आता पार म्हातारे झाले होते. शेठनी त्यांचे पाय धरले, खोका पुढे केला आणि म्हणाले, मामा, चुकलू.

"मग काय बोलले?" भिंतीतून भाऊंनी विचारलं.

"बोलले, तो माइकवाला तू? इतकी वर्सं झाली, पेढा कोनी टाकला न्हाय माझ्या तोंडात. आनि तोंड उघडून बसले."

"आनि तू?"

"टाकला," शेठ म्हणाले. पलीकडे भाऊ इतके हसले की त्यांचा पाय दुखला आणि ते वहिनींना हाका मारू लागले.

भाऊ काठी घेऊन हिंडायला लागल्यावर ते स्वतः पडवीत येऊ लागले, स्टूल घेऊन. दोघं दिवसभर भांडायचे. तिसऱ्या शिवीवरून, चौथ्या शिवीवरून, कुठल्या इंजिनात तेल जास्त झालं त्यावरून. मी एकदा म्हटलं, "आता भिंत पाडून टाका की." दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी मंदिर पाडा म्हणाले.

"आनि बोगदा कुठून आनायचा?" भाऊंनी विचारलं.

गुडघ्यांनी माझी साथ सोडल्यावर मुलीने मला नाशिकला न्यायचं ठरवलं. हसुरामशेठ त्याच्या पुढच्या पावसाळ्यात गेले, झोपेतच. वहिनींनी फोनवर सांगितलं. भाऊंशी बोलायला गेले तर ते म्हणाले, बाई, नंतर बोलू, आणि फोन वहिनींच्या हातात दिला. मला तेव्हा जाता आलं नाही. त्यामुळे हसुरामशेठ मला शेवटचे दिसले ते मी गाव सोडलं त्या सकाळी, मांडव्याच्या जेट्टीवर.

दोघं भाऊ मला पोचवायला आले होते. माझी पिशवी कोणी उचलायची यावरून घरापासून जेट्टीपर्यंत वाद चालला आणि शेवटी ती रिक्षावाल्याने उचलली. मुंबईला, गेटवेला जाणारी बोट लागली तेव्हा शेठनी खांद्यावरचा टॉवेल काढला. "वर जाऊन कडेला उभ्या ऱ्हा," त्यांनी मला बजावलं. "बोट नजरेआड होईपर्यंत हा टॉवेल हलवतू. तुमी पन हात हलवा. न्हायतर राग येईल मला."

मी वर गेले, कठड्याला धरून उभी राहिले. बोट सुटली. जेट्टीच्या कडेला दोघं मला स्पष्ट दिसत होते. शेठ टॉवेल हलवायला हात वर करणार, तेवढ्यात भाऊ काहीतरी बोलले. शेठनी मान झटकून उत्तर दिलं. भाऊंनी काठी आपटली. शेठनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि दोन्ही हात हवेत नाचवत काहीतरी समजावू लागले. भाऊ मान हलवत होते, नाही, नाही, नाही. मग दोघं बोलत बोलतच वळले आणि वडापावच्या टपरीकडे चालू लागले. मी कितीतरी वेळ हात हलवत राहिले. त्या दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.